शेवटचे सहा इंच

नदीत पाणी सोडायचं आमच्या धरणाचं गेट हातानं चालायचं. लोखंडी हॅन्डल, ग्रीस थापलेला उभा स्क्रू आणि शेजारी ऑइलपेंटनं आखलेली इंचांची पट्टी. दोन चौकीदारांनी आळीपाळीनं हॅन्डल मारलं, तर अर्ध्या तासात गेट खाली बसायचं. २००४ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी ते तसंच बसवलं. पाणी सोडायची ठरलेली पाळी, म्हणजे आवर्तन, संपलं होतं. नदीवरचा शेवटचा बंधारा भरल्याचा निरोप आला होता. सलग दुष्काळाची ती वर्षं होती आणि एकेक दशलक्ष घनफूट पाणी मला घरच्या कणगीतल्या धान्यासारखं वाटत होतं. सहा वाजता तीनशे क्युसेक्स वाहत होतं, ते साडेसहाला शून्य झालं. गेट रजिस्टरमध्ये नोंद केली, सही केली आणि पाणी वाचवल्याचं समाधान घेऊन झोपलो.

सकाळी बंधारे बघायला मोटारसायकलवरून नदीकाठानं निघालो. धरणाखाली चार-पाच किलोमीटरवर नदी पसरट आणि खडकाळ होते. रात्रीत तिथलं पाणी इतक्या झपाट्यानं उतरलं होतं, की मासे खळग्यांतच अडकले होते. कुठे परातीएवढा खळगा, कुठे जेमतेम तांब्याभर पाण्याचा. शिंगट्या, आंबळ्या, एक वाम आणि खवल्यांच्या माशांची बोटभर पिल्लं, शेकड्यांनी. नऊच वाजले होते, पण बोट घातलं तर पाणी कोमट लागत होतं. एका खळग्यात पिल्लं एकमेकांवर चढून तोंडं वर काढत होती आणि त्यांच्या हालचालीनं पाण्याला बारीक फेस आला होता. बगळे होते, कावळे होते, बादल्या घेऊन पोरं होती. भोईआळीतले एक म्हातारे मात्र खांद्यावरचं जाळं खाली न उतरवता खडकावर बसून होते. त्यांना सगळे मामा म्हणायचे, मीही म्हणायचो.

"मामा, तुम्ही नाही धरत?"

"जाळ्यात आला तो मासा आमचा, रावसाहेब," ते म्हणाले. "ह्यो तुमचा हाय. तुमी मारलाय."

आवाजात राग नव्हता. हा बैल कुणाचा, ती विहीर कुणाची, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मला उत्तर सुचलं नाही. पाटबंधारे खात्यात लागून एकोणीस वर्षं झाली होती आणि गेट किती वेगानं बंद करावं, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

तो का विचारला नसेल, ते सांगायला हवं. मी शेतकऱ्याचा मुलगा. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. वडील आणि थोरला भाऊ खडी फोडायच्या कामावर होते आणि घरी सुकडी यायची. पुढे शाखा अभियंता म्हणून भीमेच्या खोऱ्यातल्या या मध्यम धरणावर आलो, तेव्हा पाणी म्हणजे पीक हे समीकरण माझ्या रक्तातच होतं. नोकरीनं त्याला आकडे दिले. एक क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की ८६,४०० घनफूट होतं. तीनशे क्युसेक्स म्हणजे दिवसाला सुमारे २६ दशलक्ष घनफूट, आणि माझं सगळं धरण १,२५० दशलक्ष घनफुटांचं, म्हणजे सव्वा टीएमसीचं. पाणी वर्ष १ जुलैला सुरू होतं. १५ ऑक्टोबरपासून रब्बी, १ मार्चपासून उन्हाळी हंगाम. शेतकऱ्यांचे नमुना नंबर ७ चे अर्ज येतात, कालवा सल्लागार समिती बसते, आवर्तनं ठरतात. पिण्याचं आरक्षण, बाष्पीभवन, गळती, वहनव्यय, या सगळ्यांना तक्त्यात रकाने असतात. मासा असतो तो जलाशयातल्या मासेमारीच्या ठेक्यापुरता. धरणाखालच्या नदीतला मासा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्या दिवसानंतर मी मामांकडे जाऊन बसायला लागलो. पहिल्यांदा ओशाळून गेलो, पुढे ओढीनं. नदी मला एल-सेक्शनच्या, म्हणजे उभ्या छेदाच्या, कागदावर पाठ होती. मामांना ती डोहाडोहांनी पाठ होती. पाणी कुठे कमरेएवढं, कुठे दोन पुरुष, कुठल्या कपारीत वाम राहते, कुठल्या वाळूत कोण अंडी घालतं. तरुणपणी हाताएवढी खडशी, म्हणजे महसीर, धरल्याचं ते सांगायचे. माझ्या नोकरीत मी तिथे एकही खडशी पाहिली नाही.

तालुक्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी एका साहेबाची गोष्ट सांगितली. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. त्यानं दख्खनमधल्या नद्यांचे मासे गोळा करून १८३९ च्या सुमारास त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावं देताना त्यानं बऱ्याच ठिकाणी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. जगभर 'टॉर खुद्री' म्हणून ओळखला जाणारा महसीर त्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून घेतला, आणि त्यातलं 'खुद्री' आपलं आहे. 'नुक्ता' म्हणजे आपला नकटा, 'कोलस' म्हणजे कोळस, 'सींगटी' म्हणजे शिंगटी. मी हे मामांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिन्ही-चारी नावं पुन्हा म्हणायला लावली. मग म्हणाले, "म्हंजे आमच्याच आज्या-पणज्याला इचारून लिवलं." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पुण्याच्या पूर्वेला वाहत जाणाऱ्या त्याच पाण्याच्या खोऱ्यात आम्ही बसलो होतो, आणि त्या नावांचे मासे माझ्या गेटच्या अर्ध्या तासात मरत होते.

सरांनी पुढच्या मे महिन्यात एक लाकडी पेटी आणली. आत काचेच्या बुचाच्या बाटल्या आणि तीन-चार रसायनं. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलर नावाची जुनी पद्धत. बाटली पाण्यात बुडवून, आत बुडबुडा राहू न देता भरायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असेल, तर तपकिरी साका तयार होतो. जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. पहिली बाटली आम्ही जलाशयाच्या वरच्या थरातून भरली. चहासारखा रंग आला. दुसरी धरणाखालच्या दुसऱ्या बंधाऱ्यातून, तळाजवळून. त्या बंधाऱ्यात गावाचा नाला येतो आणि उन्हाळ्यात पाणी महिनोन् महिने तुंबून राहतं. सरांनी बाटली हलवली आणि उजेडात धरली. साका पांढराशुभ्र. फाटलेल्या दुधासारखा, हळूहळू खाली बसणारा.

"पांढरा म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे शून्य," सर म्हणाले.

माशांच्या वाढीसाठी पाण्यात लिटरला किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष सांगतो. आमच्या बंधाऱ्याच्या तळाशी तो नव्हताच. वरच्या हातभर पाण्यात थोडाफार असायचा, त्यावर मासे तगून होते. आता आवर्तन सुरू करताना आम्ही काय करायचो? पाणी पुढे जावं म्हणून बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, ओढून काढायचो, तळापर्यंत, आणि धरणावरून एकदम तीनशे क्युसेक्स सोडायचो. तळाचं काळं पाणी आणि त्याखालचा गाळ आधी निघायचा. आलेल्या लोंढ्यानं तो ढवळला जायचा आणि सगळाच्या सगळा खालच्या डोहात जायचा. उन्हाळ्यात मासे जीव धरून असतात ते नेमके डोहातच. पाणी सोडलं की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे डोहात मासे वर येऊन मरतात, हे मामा वर्षानुवर्षं सांगत होते, आणि आम्ही म्हणायचो, कुणीतरी औषध टाकलं असेल. औषध टाकणारेही असतात. पण आमच्या डोहात पाणीच औषधासारखं जात होतं. पहाटेचं कारणही सरांनी सांगितलं: रात्रभर शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट वापरतं, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो.

माझा आतापर्यंतचा समज होता, की पिकाचं आणि माशाचं भांडण पाणी किती यावर आहे. त्या बाटल्यांनी दाखवलं, की निम्मं भांडण पाणी कसं सोडतो यावर आहे. कसं सोडायचं हे तर माझ्या हातात होतं. त्यासाठी मंत्रालयात जावं लागणार नव्हतं.

पुढच्या आवर्तनाला आम्ही बर्गे वरून काढले, एका वेळी दोन ओळी. वरचं पाणी बंधाऱ्यावरून पडायचं आणि पडताना हवा घ्यायचं. धरणावरून पहिला दिवस फक्त पन्नास क्युसेक्स, दुसऱ्या दिवशी दीडशे, मग पूर्ण. सुरुवात एवढ्यावर जमली. जमत नव्हतं ते बंद करणं.

हळूहळू बंद करायचं, तर शेवटचे तीन-चार दिवस नदीत पाणी कमी वाहणार. कमी पाणी लांब जात नाही. ते वाळू पिते, काठ पितात, आणि काठावरच्या मोटारी पितात. शेवटच्या बंधाऱ्याच्या गावात सभा झाली, मारुतीच्या देवळात. मी माशांबद्दल बोललो, मनापासून बोललो. मागच्या बाजूनं एक बाई उठल्या. नवरा गेलेला, दीड एकर डाळिंब, सोसायटीचं कर्ज. म्हणाल्या, "साहेब, तुमचं पटतंय. पण दर साली तुमचं पाणी आमच्या शिवेपर्यंत येऊन आटतंय. आता मासं बी आमच्याच वाट्यातनं पिणार का?" त्या बोलल्या ते खरंच होतं. टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी हा आमच्या खात्याच्या प्रत्येक नियोजनात शेवटी उभा असतो आणि शेवटी आलेल्याला जे मिळतं तेच त्याला मिळतं. मासा आणि टेलचा शेतकरी यांना एकमेकांसमोर उभं करून मी चूक करत होतो. त्या रात्री घरी आल्यावर मी जेवलो नाही, वही घेऊन बसलो.

उत्तर आमच्याच कालव्यांच्या शिस्तीत होतं. कालव्यावर पाणी शेवटाकडून सुरुवातीकडे द्यायचं असतं, आधी टेल, मग हेड. नदीवर आम्ही उलटं करत होतो. पहिला बंधारा भरला की दुसरा, मग तिसरा, असे आठ. मी क्रम फिरवला. पूर्ण तीनशे क्युसेक्स वाहत असताना वरचे सात बंधारे मोकळे ठेवायचे आणि आठवा आधी भरायचा. मग सातव्याचे बर्गे घालून सातवा, मग तसाच सहावा. पाणी भरायचं ठिकाण दर दिवशी धरणाच्या जवळ येत जातं, आणि जवळच्या बंधाऱ्याला पोचायला कमी पाणी पुरतं. म्हणजे शेवटच्या चार दिवसांत गेट दोनशेवर, शंभरावर, पन्नासावर आणता येतं, आणि तोपर्यंत टेलचं गाव भरून मोकळं झालेलं असतं. एकूण पाणी तेवढंच, कदाचित थोडं कमीच. आवर्तनाच्या काळात काठावरच्या मोटारींची वीज बंद ठेवण्याची पद्धत होतीच, ती वरच्या गावांना पहिले चार दिवस काटेकोर लावावी लागली. वरच्या गावांनी आरडाओरडा केला. हेडच्या लोकांना थांबायची सवय नसते. पण टेलच्या त्या बाईंनी पुढच्या सभेत माझ्या आधी उत्तर दिलं: "आधी आमचं भरतंय ना? मग मागनं काय करायचं ते त्यांना करू द्या."

शेवटचे सहा इंच मात्र मी स्वतः उभा राहून उतरवून घ्यायचो. एका इंचाला सहा तास. रात्रीचा इंच चौकीदारावर सोडला, तर तो दोन इंच एकदम उतरवून झोपायचा, हे मला माहीत होतं आणि त्यात त्याचा दोषही नव्हता; त्याला कोणी कारण सांगितलं नव्हतं. एका पहाटे मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून त्या खडकांपर्यंत नेलं. पाणी बोटाबोटानं उतरत होतं आणि पिल्लं त्याच्याबरोबर खाली सरकत होती, खळग्यातून खळग्यात, धारेच्या दिशेनं. तो बराच वेळ बघत राहिला. त्यानंतर रजिस्टरमध्ये त्याच्या हातच्या रात्रीच्या नोंदी वेळेवर दिसू लागल्या.

तेव्हाच्या औरंगाबादमधल्या 'वाल्मी' या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत एका प्रशिक्षणात मी हे मांडलं, तेव्हा तिथल्या एका व्याख्यात्यांनी अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीची हकीकत सांगितली. ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया राज्यांतली नदी. २००१ च्या दुष्काळात माशांच्या संरक्षणासाठी तिथल्या शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी तोडलं, पिकं गेली, गावं रस्त्यावर आली. दुसऱ्या वर्षी शेतीला पाणी दिलं, आणि २००२ च्या सप्टेंबरमध्ये, खालच्या अंगाला नदी उथळ आणि उबदार झालेली असताना, परत फिरणारे सामन मासे कल्ल्यांच्या रोगानं मेले. किमान चौतीस हजार. त्या मुलखातले मूळ रहिवासी त्या माशावर जगतात. पुढे कोरड्या वर्षांत तिथे उन्हाळ्याअखेरीस ट्रिनिटी या उपनदीवरच्या धरणातून मुद्दाम जादा पाणी सोडायला लागले. एवढ्या श्रीमंत देशात, एवढी यंत्रणा असून, एक वर्ष शेतकरी आणि एक वर्ष मासा. ते ऐकताना मला देवळातल्या त्या बाई आठवत होत्या.

नीती कागदावर आपल्याकडेही आहे. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या परिसंस्थेसाठी प्रवाहाचा काही भाग राखावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. गंगेसाठी तर २०१८ साली आकडेच ठरले: हरिद्वारच्या वर कोरड्या महिन्यांत सरासरी मासिक प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. माझ्या निवृत्तीपर्यंत माझ्या टेबलावर आलेल्या कुठल्याही पाणी नियोजनात असा आकडा मी पाहिला नाही. भीमेच्या खोऱ्यातल्या एका मध्यम धरणाच्या खालची नदीसुद्धा नदीच असते.

सगळं काही गेट हळू उतरवून सुटत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये धरणात १२० दशलक्ष घनफूट उरलं होतं. त्यातलं नव्वद पिण्यासाठी राखीव. उरलेल्या तिसातलं निम्मं ऊन पिणार. पंधरा-सोळा दशलक्ष घनफूट, म्हणजे दोन दिवसांचं शंभर क्युसेक्ससुद्धा नाही. ते कालव्यात सोडलं, तर चार गावांच्या बागांना एक पाणी बसत होतं. नदीत सोडलं, तर देवीच्या डोहात जून उजाडेपर्यंत मासे राहिले असते. त्या डोहात पिढ्यान् पिढ्या कोणी जाळं टाकत नाही, त्यामुळे आसपासच्या नदीत संपलेले मासेही तिथे होते. कसं सोडायचं हा प्रश्न तिथे नव्हताच, कुणाला सोडायचं एवढाच होता. मी बागांची शिफारस केली. सात-सात वर्षं वाढवलेली झाडं होती, त्यांच्यावर कर्जं होती, आणि कर्जापायी आमच्या तालुक्यात काय काय झालं ते मी पाहिलं होतं. आजही तीच शिफारस करीन. पण ते लिहिताना पेन जड झालं होतं, हे खरं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात डोह आटला. खवल्यांचे मासे आधी गेले. मामा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. ते नातवंडांना घेऊन चिखलात उतरले. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे पाण्यात प्राणवायू नसला तरी ती टिकते, आणि ओल्या पोत्यात घातली तर तास-दोन तास जगते. वाम चिखलात तोंड खुपसून असते. नातवंडं हातानं चाचपून एकेक काढत होती, मामा काठावर बसून गोणपाट भिजवत होते. आम्ही एक छोटा टेम्पो ठरवला. पन्नास-साठ मरळी आणि काही वामा दोन फेऱ्यांत धरणाच्या पाण्यात नेऊन सोडल्या. पोतं उघडून पाण्यात तिरपं धरलं की मरळ क्षणभर तशीच पडून राहायची, मग एकच फटका मारून दिसेनाशी व्हायची. नकटा आणि कोळस नेता आले नाहीत. हातात घेतले की संपत होते.

परत येताना मामा टेम्पोत माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "आषाढात पंढरीला वारकऱ्यांच्या चंद्रभागेच्या स्नानाला उजनीतनं पाणी सोडत्यात ना, रावसाहेब?"

"सोडतात."

"मग माशाची बी वारी आषाढातच असती. चढणीची. त्यास्नी कोन सोडणार?"

पहिल्या पुराच्या पाण्यावर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि उथळात अंडी घालतात. धरण झालं की तो पहिला पूर धरणातच राहतो, कारण जुलैमध्ये रिकाम्या धरणाचं एकही गेट उघडायची कुणाची छाती नसते, माझीही नव्हती. खाली पाणी येतं ते धरण भरल्यावर, भाद्रपदात, तेव्हा बऱ्याच माशांची वेळ टळून गेलेली असते.

मामा २०१६ साली गेले. मी २०१९ ला निवृत्त झालो. निवृत्तीपूर्वी मामांच्या प्रश्नाचा हिशेब मात्र करून ठेवला. आषाढात दोन दिवस अडीचशे क्युसेक्स, त्यापुढे चार दिवस उतरतं: दीडशे, शंभर, पन्नास, पंचवीस. एकूण सुमारे ७१ दशलक्ष घनफूट. धरणाच्या पावणेसहा टक्के. अट एक, धरण निम्म्याच्या वर गेलेलं असलं तरच. माझ्याकडच्या तीस वर्षांच्या पातळ्या काढल्या, तर त्यातल्या अकरा वर्षांत आषाढ संपायच्या आत ही अट पूर्ण झाली होती. सरासरी तीन वर्षांतून एकदा तरी. त्या अकरापैकी दहा वर्षी धरण पुढे भरून सांडव्यावरून वाहिलं, म्हणजे ते ७१ दशलक्ष घनफूट नंतर नदीतच गेलं असतं. उरलेल्या एका वर्षी शेतीला ते कमी पडलं असतं, हेही मी त्याच कागदावर लिहिलं आहे, कारण टेलच्या त्या बाईंना मला तोंड दाखवायचं आहे.

आता त्या शाखेवर एक तरुण मुलगी अभियंता आहे. तिला मी तो कागद दिला, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो उतरत्या चार दिवसांबद्दल: पन्नासावरून पंचवीसवर येताना गेट किती इंच राहील? मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पट्टी बघायला धरणावर गेलो. ऑइलपेंट उडालेला होता. खालचे सहा इंच वाचता येत नव्हते. तिनं चौकीदाराला ब्रश आणायला पाठवलं.